किती काळापर्यंत खरं?

आमच्या कॉलेजात पीएच.डी.ची खुली मौखिक परीक्षा असली की समोसे आधी येतात आणि परीक्षक मागाहून. उमेदवार अर्धा तास पडद्यावर स्लाइड दाखवत बोलतो. बाहेरून आलेले परीक्षक दोन प्रश्न विचारतात, त्यातला एक ‘पुढे काय करायचा विचार आहे’ हा असतो. मग अध्यक्ष सभागृहाकडे वळून म्हणतात, “कोणाला काही विचारायचंय?” हे वाक्य नियमात आहे म्हणून म्हणायचं. लग्नात भटजी ‘सावधान’ म्हणतात तेव्हा कोणी सावध होत नाही, तसंच हे. सभागृह कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघतं, अध्यक्ष अभिनंदन करतात आणि कागदी प्लेटा वाजू लागतात.

त्या वाक्याला खरा प्रश्न समजणारा एकच माणूस मी पाहिला. ते आमचे सर.

सर डोंबिवलीत आमच्या कॉलेजात गणित शिकवत. मी आधी त्यांचा विद्यार्थी होतो आणि पुढे त्याच विभागात त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसू लागलो. प्रत्येक मौखिक परीक्षेला ते पहिल्या रांगेत बसत, अध्यक्षांचं वाक्य पुरं व्हायच्या आत उठत आणि विचारत. समोसा घेत नसत. “परीक्षेच्या खोलीत खाल्लं की माणूस प्रश्न विचारत नाही,” म्हणत. त्यामुळे परीक्षा शक्यतो सरांच्या तासाच्या वेळेला ठेवावी, असा एक अलिखित नियम आमच्या कार्यालयाने केला होता. सर तास लवकर सोडून यायचे.

त्यांचा आवडता प्रश्न एकच होता: “हे किती काळापर्यंत खरं?” तो ते सगळीकडे विचारत. घोडबंदर रोडवरच्या एका इमारतीच्या जाहिरातीत ‘अखंड खाडीदर्शन’ असं छापलेलं होतं. आमच्या एका सहकाऱ्याने तिथे घर घेतलं, पेढे वाटले. सरांनी पेढा हातात धरून विचारलं, “अखंड म्हणजे किती काळापर्यंत?” सहकारी दुखावला. दोन पावसाळ्यांनी समोर दुसरा टॉवर उभा राहिला तेव्हा तो अधिकच दुखावला, आणि तोही बिल्डरवर नाही, सरांवर. कल्याणला पुतण्याच्या लग्नात पत्रिकेवर ‘जन्मोजन्मीचे बंध’ असं होतं. सरांनी वराच्या वडिलांना तोच प्रश्न केला. त्यानंतर नातेवाइकांनी त्यांना पत्रिका पाठवणं बंद केलं. सरांना त्याचं वाईट वाटल्याचं मला कधी दिसलं नाही, पण मे महिन्यातल्या रविवारी ते उगाच विभागात येऊन बसत, एवढं मात्र दिसलं.

हा प्रश्न त्यांच्या विषयातून आला होता. विषय सांगायला सोपा आहे, पटवायला अवघड. त्यांच्या घरी भिंतीवर एक लंबकाचं घड्याळ होतं. ते रोज किंचित मागे पडे. दुसरा कोणीही काटे सरकवून मोकळा झाला असता. सर काट्यांना हात लावत नसत. घड्याळाखाली भिंतीवर ते खडूने आकडा लिहीत, म्हणजे आज किती मिळवून वाचायचं तो. आकडा हळूहळू बदलत जाई. भिंतीचा तेवढा भाग कायम पांढरा असे. एका दिवसाची चूक इतकी लहान की सोडून द्यावी. पण ज्या दिवशी घड्याळ लावलं त्या दिवसालाच चिकटून बसलं, तर ती साचत साचत सगळं घड्याळ खाऊन टाकते.

हलणाऱ्या वस्तूंच्या समीकरणांतही हेच होतं. एखादं क्षुल्लक पद असतं. टाकावं तर उत्तर खोटं, ठेवावं तर ते काळाबरोबर फुगत जातं. इंग्रजीत अशा पदांना सेक्युलर म्हणतात. हल्ली हा शब्द वर्गात मोठ्याने म्हणायला आम्ही कचरतो, सर कचरत नसत. यावर उपाय असा की सुरुवातीचा क्षणच पुढे सरकवायचा. साचलेली चूक सुरुवातीच्या आकड्यांत जिरवायची आणि मग एकच अट घालायची: सुरुवात कुठून धरली यावर उत्तर अवलंबून असता कामा नये. एवढ्या एका अटीतून ते आकडे हळूहळू कसे बदलणार, त्याचा नियम बाहेर पडतो. या पद्धतीला रिनॉर्मलायझेशन ग्रुपची पद्धत म्हणतात. वार्षिक अहवालात सरांनी हे नाव लिहिलं तेव्हा कार्यालयाने ग्रुपमध्ये सदस्य किती असं विचारलं होतं. सरांनी ‘एक’ असं कळवलं.

त्या सरकत्या सुरुवातीला सर ग्रीक अक्षर वापरून टाऊ म्हणत. मी एकदा म्हटलं, “सर, टाऊ आपणच घालायचा आणि उत्तरात तो दिसू नये अशी अटही आपणच घालायची. ही हातचलाखी झाली.”

“प्राचार्य कसे नेमतात?” ते म्हणाले. “आधी आणायचे, मग कॉलेज त्यांच्यावर अवलंबून राहणार नाही याची काळजी घ्यायची. चालतंय ना?”

सरांनी स्वतः पीएच.डी. केली नव्हती. ज्यात मला चूक सापडणार नाही असं काही लिहून झालं की देईन, असं ते म्हणत, आणि तसं कधी झालं नाही. त्यामुळे कागदोपत्री ते कोणाचे मार्गदर्शक होऊ शकत नव्हते. आमच्याकडे मार्गदर्शक होते ते प्राचार्य. त्यांच्या मार्गदर्शनाखाली इतके प्रबंध झाले होते की त्यातले काही त्यांनी वाचलेही असतील.

रेश्मा त्यांच्याच नावावर होती आणि शिकत होती सरांकडे. ती कळव्याच्या कोळीवाड्यातली. आई बाजारात मासळी घेऊन बसे. वडील एके काळी खाडीत जाळं टाकत; आता खाडीकाठच्या टॉवरच्या फाटकात गणवेश घालून बसत आणि आत जाणाऱ्या गाड्यांना सलाम करत. ती आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवत होती, म्हणजे काम कायमचं आणि नेमणूक दर वर्षीची. बऱ्याच वर्षांनी भरतीवरची बंदी उठणार होती आणि आमच्या विभागात एक कायमची जागा निघणार होती. पदवी हातात असली तर ती जागा रेश्माची, हे शिपायालाही ठाऊक होतं. नसली तर पुढची जागा कधी निघेल, हे सरकारलाही ठाऊक नव्हतं.

सरांची नव्या विद्यार्थ्यांशी वागण्याची एक रीत होती. ते ओळख करून देऊ देत नसत. रेश्मा पहिल्यांदा आली आणि कुठे शिकली, कुठल्या श्रेणीत पास झाली, घरचं काय, ते सांगायला लागली तेव्हा त्यांनी हात वर केला. “सुरुवात कुठून केलीस ते मला सांगू नकोस. उत्तर त्याच्यावर अवलंबून असता कामा नये.”

तिला याचं फार अप्रूप वाटलं होतं. मला म्हणाली, “कळव्याची म्हटलं ना, की पुढचा प्रश्न ‘कोळी का?’ आणि त्याच्या पुढचा ‘पापलेट कसं दिलं?’ ह्या माणसाला दोन्ही नको आहेत.” पुढे काही महिन्यांनी एकदा तीच म्हणाली, “पण एखाद वेळी विचारलं तरी चालेल ना? भरतीचं पाणी घरात शिरलेलं, म्हणून काल आले नाही. ह्यांनी कारणच ऐकून घेतलं नाही. म्हणाले, आज सुरुवात कर.”

तरीही ते दिवस सरांच्या आयुष्यातले सर्वांत चांगले असावेत. ती त्यांच्याशी भांडायची. विभागात आमचा चहा गार होई आणि हे दोघे फळ्यापाशी. “अगं, लहान आहे म्हणून टाकतेस? लहान असणं वेगळं आणि लहान राहणं वेगळं,” हे सरांचं वाक्य, आणि “सर, ठेवलं तर तुम्हीच पुढच्या ओळीत ओरडाल” हे तिचं. तिचं काम आपोआप झुलत राहणाऱ्या झोक्याच्या समीकरणावर होतं. झोका शेवटी केवढा होईल, हे तिच्या उत्तरात कायम बरोबर येई. कुठल्या क्षणी तो कुठे असेल, हे मात्र फार पुढे गेल्यावर घसरणार होतं, कारण तिने पहिल्याच क्रमापर्यंत, म्हणजे पहिल्या दुरुस्तीपर्यंतच, गणित केलं होतं. हे दोघांनाही माहीत होतं. तिने प्रकरणात तसं स्पष्ट लिहिलंही होतं. सरांनी तिची प्रकरणं ओळ न् ओळ वाचली होती. बांधलेला प्रबंध मात्र त्यांनी पाहिला नाही. समारोप मार्गदर्शकांनी वाचायचा असतो.

परीक्षेच्या दिवशी तिचे आईवडील आले होते. अल्पोपाहार उमेदवाराने द्यायचा अशी आमच्याकडे प्रथा आहे. समोसे तिने सांगितले होतेच, शिवाय आईने नारळाच्या वड्या करून आणल्या होत्या. कॉलेजात मासळी चालणार नाही हे त्या बाईंना कोणी न सांगता कळत होतं. रेश्मा चांगलं बोलली. शेवटच्या स्लाइडवर समारोपाचं एक वाक्य होतं. मराठीत सांगायचं तर, ‘ही उत्तरे सर्वकाळ यथार्थ आहेत.’

अध्यक्षांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. सर उठले. त्यांचा चेहरा खुलला होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर पुष्कळांनी पुष्कळ सांगितलं.

“रेश्मा, हे सर्वकाळ म्हणजे किती काळापर्यंत?”

तिने एकदा प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं वाचत होते. ती काही बोलली नाही. सर थांबले, तिला आठवत नसेल असं समजून पुढे झाले, फळ्यावर खडूने दुसऱ्या क्रमाचं पद लिहिलं आणि झोक्याची वेळ कशी हळूहळू सरकते ते चार ओळींत दाखवलं. वळून तिच्याकडे हसत बघू लागले. त्यांच्या हिशेबात हा मान होता. जिथे सगळे झोपतात तिथे तिचं काम प्रश्न विचारण्याच्या लायकीचं आहे, असं ते चारचौघांत सांगत होते. आता ती पाचवी ओळ सांगेल, दोघं मिळून भांडतील, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

अडचण अशी झाली की बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आपल्या लेखी अहवालात नेमक्या त्याच वाक्याचं कौतुक केलं होतं. ‘सर्वकाळ’ हा शब्द त्यांना विशेष उल्लेखनीय वाटला होता. ते आधी लाल झाले आणि मग कडक. “मी हीच शंका काढणार होतो,” असं म्हणून त्यांनी प्रबंध दुरुस्त करून पुन्हा सादर करावा अशी शिफारस केली. प्राचार्य म्हणाले, मीही तिला सांगत होतो, घाई करू नको. अध्यक्षांनी सर्वांचे आभार मानले. समोसे त्या दिवशीही संपले. वड्या तशाच राहिल्या, कारण त्या घ्यायला तिच्या आईसमोर जावं लागलं असतं.

आईने मला दारात गाठलं. “मास्तर, त्या सरांचा राग होता का पोरीवर?”

मी म्हटलं, “राग कसला, ती त्यांची सर्वांत लाडकी.”

“मंग घरी इचारायचं,” ती म्हणाली. “चारचौघांत कशाला?”



सरांच्या मते हे एका शब्दाचं काम होतं. शब्द खोडायचा, सही घ्यायची, झालं. पण आमच्याकडे शब्द खोडायला समिती लागते, समितीला बैठक लागते आणि बैठकीला प्राचार्य गावात असावे लागतात. पुन्हा सादर झालेल्या प्रबंधाला नवे परीक्षक नेमावे लागतात, आणि त्यांना मुलीच्या लग्नापासून परदेशवारीपर्यंत सगळं आटोपून मग वाचायला वेळ मिळतो. मधल्या काळात जाहिरात निघाली, मुलाखती झाल्या आणि जागा भरली. जो लागला त्याच्या परीक्षेच्या दिवशी सर तापाने घरी होते. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. लहान असणं वेगळं आणि लहान राहणं वेगळं, हे आयुष्यभर फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या एका प्रश्नाचं गणित करता आलं नाही.

जागा भरल्याचं कळल्यावर सर मला म्हणाले, चल, कळव्याला जाऊ. रेश्मा घरीच होती. ठाण्याच्या एका क्लासमध्ये तिने प्रवेश परीक्षेचं गणित शिकवायला घेतलं होतं. चार पर्यायांतले तीन गणित न करता कसे उडवायचे, त्याच्या नोट्स काढत होती. वडील ड्यूटीवर होते. आईने पाणी दिलं आणि आत गेली, ती बाहेर आलीच नाही.

सर बसायच्या आधीच म्हणाले, “अगं, तुला उत्तर माहीत होतं. का बोलली नाहीस?”

“तो शब्द माझा नव्हता, सर.”

“मग?”

“प्रबंध द्यायच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी घातला. म्हणाले, समारोप जरा भारदस्त होऊ दे.”

“तसं सांगायचं.”

“कोणाला?” ती हसली. “त्यांच्याच तोंडावर, सगळ्यांसमोर? मुलाखतीला तेच बसणार होते, सर. मला वाटलं, गप्प राहिले तर निदान जागा तरी राहील.”

सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. मग त्यांनी त्यांना येत होतं तेच केलं. म्हणाले, “असू दे. आजचा दिवस सुरुवात धर. दुसऱ्या क्रमापर्यंत कर सगळं. मग शब्द कोणी कुठलाही घालू दे.”

“कागदावर टाऊ कुठेही सरकवता येतो, सर,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मी कुठे सरकू?”

दुसऱ्या दिवशी सर प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन, तो शब्द तुमचा का, असं विचारून आले. प्राचार्यांनी चहा मागवला आणि संशोधन हे टीमचं काम असतं, त्यात माझं-तुझं करू नये, असं समजावलं. सर तो चहा प्यायले की नाही, ते मला माहीत नाही. पण त्यानंतर त्यांच्यात बदल झाला. विभागात कोणीतरी ‘आजीवन मोफत देखभाल’ असं छापलेलं पत्रक आणलं. मी मुद्दाम ते सरांपुढे सरकवलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि चष्म्याच्या पेटीखाली ठेवलं. सर निवृत्त झाल्यावर एकदा मी त्यांच्या घरी गेलो. घड्याळाखालची भिंत पुसलेली होती. मी मोबाइल काढून पाहिला. घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं. कोणीतरी काटे सरकवले होते, आणि त्या घरात दुसरं कोणी राहत नव्हतं.

रेश्माने दुसऱ्या क्रमापर्यंत सगळं केलं. रोज क्लास सुटल्यावर किती काळ आणि कशी बसली असेल, कोण जाणे. तिने सरांना काही विचारलं नाही, सरांनी काही सांगितलं नाही. यथावकाश पुन्हा परीक्षा ठरली. परीक्षक नवे, अध्यक्ष नवे, सभागृह तेच. तिने क्लासमधून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. आई या वेळी आली नाही. सर आले आणि शेवटच्या रांगेत बसले.

मी गणिताचा माणूस आहे, म्हणून एवढं सांगू शकतो की तिचं काम चांगलं होतं. आमच्या कॉलेजात इतकं चांगलं काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं. समारोपाच्या स्लाइडवर कुठवर खरं आणि कुठून पुढे नाही, ते एका ओळीत लिहिलं होतं. ‘सर्वकाळ’ शब्द नव्हता. प्राचार्यांनी पहिल्या रांगेतून मान डोलावली. परीक्षकांनी पुढे काय करायचा विचार आहे ते विचारलं. मग अध्यक्ष सभागृहाकडे वळले.

“कोणाला काही विचारायचंय?”

सगळ्यांनी माना मागे वळवल्या. रेश्माही सरांकडे बघत होती. तिने प्रोजेक्टर बंद केला नव्हता आणि हात लॅपटॉपच्या बटणावर तसाच होता. उन्हात उभं राहून फेरीबोटीची वाट बघणाऱ्या माणसासारखी ती बघत होती. सरांनी मान खाली घातली. आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत बसले. अध्यक्षांनी थोडा वेळ दिला, तो नियमापेक्षा जास्तच होता. मग अभिनंदन म्हणाले, टाळ्या झाल्या, प्लेटा वाजल्या.

गर्दीत मी तिला विचारलं, शेवटची स्लाइड दाखवलीस, मग हात बटणावर का होता?

“अजून एक होती,” ती म्हणाली. “तिसऱ्या क्रमाची. सरांनी विचारलं असतं तर दाखवणार होते.”

मी म्हटलं, मग आपणहून दाखवायचीस.

“विचारल्याशिवाय?” एवढंच ती म्हणाली.

सर भिंतीशी उभे होते. रेश्माने दोन प्लेटा घेतल्या, एक मला दिली आणि दुसरी घेऊन त्यांच्यापाशी गेली. “घ्या, सर. गार होतील.”

सरांनी समोसा घेतला. उभ्यानेच, सावकाश, सगळा खाल्ला.